पाचांचं वतन
(युवक मेळाव्यातलं भाषण)



मी गोदीतला मजूर. मॅट्रिक झालो, कविता लिहितो. जगाच्या राजकारणावर बोलायला मला कुणी शिकवलेलं नाही. पण बोट धक्क्याला लागली नाही की हजेरी बुडते, एवढं पक्कं कळतं. तिथूनच मी जगाकडं बघतो.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशिया युक्रेनमध्ये घुसला. काळ्या समुद्रावरची युक्रेनची बंदरं बंद पडली, धान्य कोठारांत अडकलं. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेत निषेधाचा ठराव आला. ११ देश बाजूने, ३ तटस्थ. त्या तिघांत आपला भारतही. एकट्या रशियाने हात वर केला, ठराव मेला. ८ डिसेंबर २०२३ ला गाझातल्या युद्धबंदीचा ठराव आला. १३ देश बाजूने. तो एकट्या अमेरिकेने मारला. गट वेगळे, हत्यार तेच. व्हेटो! १९४५ पासून पाच घरांत चालत आलेलं हे वतन. रशियाला तर ते १९९१ साली सोव्हिएत संघ मेल्यावर वारसाहक्काने मिळालं. याला जागतिक लोकशाही म्हणायचं?

पण हेच दुश्मन २२ जुलै २०२२ ला इस्तंबूलमध्ये सहीला बसले. एकमेकांच्या कागदावर सही केली नाही. दोघांनी वेगवेगळी सही केली, तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रसंघाबरोबर. ओडेसासकट तीन बंदरं उघडली. चौघांचे तपासनीस एकाच बोटीवर चढून माल तपासायचे. तिकडे तोफा चालूच होत्या. तरी वर्षभरात सुमारे ३ कोटी ३० लाख टन धान्य बाहेर पडलं. त्यातलं बरंच चीन-स्पेनच्या बाजारात गेलं, हे लपवायचं कशाला? पण सव्वासात लाख टन गहू येमेन, सोमालिया, अफगाणिस्तान, इथिओपियासारख्या भुकेल्या मुलखांत पोचला.

१७ जुलै २०२३ ला रशियाने अंग काढून घेतलं. म्हणाला, आमच्या धान्या-खताची वाट पाश्चात्त्यांनी मोकळी केली नाही. पाश्चात्त्य म्हणाले, तूच भूक हत्यारासारखी वापरतोस. लगेच ओडेसाच्या गोदीवर मिसाइलं पडायला लागली. पुढं युक्रेनने किनाऱ्याकिनाऱ्याने आपली वाट काढली, पण मरणाच्या सावलीत. तिथं क्रेन चालवणाऱ्याची भाषा मला येत नाही. त्याचा घाम मात्र ओळखीचा आहे.

आम्हाला विचारतात, तुम्ही कुठल्या गटाचे? मित्रांनो, हा सवालच मालकांचा आहे. सहकार्याला दोस्ती लागत नाही. दुश्मनसुद्धा एका बोटीवर उभे राहून गहू तपासतात, हे जगाने पाहिलंय. तेव्हा 'जमत नाही' ही थाप आता बंद. एकाच्या लहरीवर लाखोंची भाकरी टांगणारं हे वतन आधी खालसा करा!