अंगठा दिला म्हणून हक्क जात नाही

आमच्या गटातल्या एका ताईचे तीन हप्ते थकले होते. बैठकीत मी जरा रागानेच विचारलं. तिने पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. अंगठा मुळापासून गेलेला. हप्त्याच्या आधी मी हाताचं विचारायला हवं होतं.

डाळमिलमध्ये चालू पट्ट्यात हात ओढला गेला होता. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, वीस हजार हातावर ठेवले आणि 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. ती म्हणाली, "जाऊ द्या ताई, लक्ष माझंच नव्हतं. आणि आता अंगठाही देऊन बसले."

मालक भला असेलही, पण ती भरपाई नव्हे. १९२३ च्या कायद्याने दिलेला हक्क २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. बाईला एकरकमी भरपाई द्यायची तर मालकाने ती सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच जमा करायची असते. परस्पर हातात दिलेली रक्कम भरपाई धरली जात नाही. हक्क सोडल्याचा कागदही कायद्यापुढे टिकत नाही.

इजा कामामुळे आणि काम चालू असताना झालेली हवी, आणि तिच्यामुळे तीन दिवसांपेक्षा जास्त काम बंद पडलेलं हवं. नुसतं लक्ष चुकलं म्हणून हक्क बुडत नाही. नशेत असणं किंवा मशीनचं संरक्षक झाकण मुद्दाम काढणं, ही गोष्ट वेगळी. ठेकेदाराने कामावर नेलं असलं तरी मिलच्या मालकाकडे मागता येतं. पगारातून ईएसआय कापत असतील, तर मात्र पैसे ईएसआयकडून मिळतात.

आता हिशेब. ताईचं वय ३५, पगार ९,००० रुपये. पगाराचे ६० टक्के ५,४००. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. पस्तिशीला तो १९७.०६ आहे. झाले १० लाख ६४ हजार. ही रक्कम कायमच्या पूर्ण अपंगत्वाची. अंगठ्याला कायद्यात ३० टक्के धरलेत, म्हणजे सुमारे ३ लाख १९ हजार. उपचाराचा खर्च वेगळा. कुठे वीस हजार आणि कुठे हे!

दवाखान्यात 'घरी पडले' असं सांगायला लावतात, तसं सांगू नका. केसपेपरवर 'कामावर, मशीनमध्ये' असंच लिहून घ्या. हजेरीचा कागद नसेल तर सोबतच्या बायांची साक्ष चालते. ताईच्या केसपेपरवर नेमकं 'घरी' लिहिलंय, म्हणून तिच्यासोबत काम करणाऱ्या दोघींना मी भेटले. एक तयार आहे. दुसरी अजून त्याच मिलमध्ये जाते, तिला मी आग्रह केला नाही.

दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा. बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीत विचारायचं. ताईच्या अपघाताला चौदा महिने झालेत. सोमवारी आम्ही दोघी तिथे जाणार आहोत.