धूळपाटीवरील पहिली अक्षरे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात, सॉल्ट लेक येथे, ग्रंथालय समितीच्या वतीने केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी गतकालाचा गौरव करण्याची आपल्याकडे प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. आमच्याकडे सोपविलेला विषय मात्र काहीसा निराळा आहे. मराठी विकिपीडियावर खाते कसे उघडावे आणि तेथे लिहावयास आरंभ कसा करावा, हे आम्हांस सांगावयाचे आहे. विषय यंत्राचा वाटेल. परंतु आमच्या मते तो भाषेचा आहे, आणि थोडासा आपल्या घरांचाही आहे.

आमच्यापैकी एका घरातील नातीला शाळेसाठी सखाराम गणेश देउस्करांविषयी चार ओळी लिहावयाच्या होत्या. देवघरजवळच्या करों गावी 1869 साली मराठी कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाने बंगालीत ‘देशेर कथा’ हा ग्रंथ 1904 साली प्रसिद्ध केला. परकी सत्तेखाली देशाची लूट कशी झाली, हे त्यात मांडले होते. 1910 साली सरकारने तो जप्त केला. रवींद्रनाथांची ‘शिवाजी उत्सव’ ही कविताही देउस्करांच्याच एका पुस्तिकेच्या निमित्ताने लिहिली गेली. नातीने बंगाली मजकूर वाचला आणि विचारले, “आजी, हे आपले की त्यांचे?” आजीने उत्तर दिले, “दोघांचे.” पण ते मराठीत लिहून काढावयाचे म्हणताच दोघीही अडल्या. आजीला बंगाली लिपी येत नव्हती. नातीला मराठी शुद्धलेखन येत नव्हते. शेवटी नात वाचीत गेली, आजी सांगत गेली, आणि कागद भरला. असे कागद आपल्या घरांत किती दिवस भरले जाणार आहेत? आणखी एका पिढीनंतर ती आजीही नसेल, आणि ती नात मराठी बोलेल की नाही, हे कोणी सांगावे?

ज्ञान एकत्र करून मराठीत आणण्याची परंपरा आपणांस नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईस विश्वकोशाचे कार्य उभे राहिले. मात्र त्या ग्रंथांत लिहिण्यास संपादकांचे निमंत्रण लागे. 1 मे 2003 रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झालेल्या मराठी विकिपीडियास निमंत्रण लागत नाही. तेथे कोणीही लिहू शकतो, आणि कोणीही दुसऱ्याचे लिहिलेले सुधारू शकतो. हेच त्याचे बळ, आणि हीच त्याची जोखीम.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. खाते उघडण्यास एक सदस्यनाव आणि एक परवलीचा शब्द एवढेच लागते. खरे नाव देण्याचे बंधन नाही. ई-मेलचा पत्ता देणे ऐच्छिक असले तरी आम्ही तो द्यावा असेच सुचवू. परवलीचा शब्द विसरल्यास तोच उपयोगी पडतो. खाते व्यक्तीचे असावे, मंडळाचे नव्हे. लिहिलेल्या प्रत्येक ओळीस कोणी एक माणूस उत्तरदायी राहिला पाहिजे. आणि आनंदाची गोष्ट अशी की, याच खात्याने बंगाली विकिपीडियावरही लिहिता येते.

टंकलेखनाचे भय बाळगू नये. रोमन अक्षरांच्या कळांवर उच्चाराप्रमाणे लिहिले असता देवनागरी उमटविण्याची सोय त्या पानावरच आहे. मोबाइलवर तर आपले ज्येष्ठ सभासद रोजच मराठी संदेश लिहितात. ज्याला तेवढे जमते, त्याला हेही जमते.

प्रथम धूळपाटीवर लिहावे. मराठी विकिपीडियाने सरावाच्या पानास हे सुंदर नाव दिले आहे. तेथे कितीही चुकले तरी कोणाचे काही बिघडत नाही. नंतर एखाद्या तयार लेखातील शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करावी, आणि काय बदलले ते एका वाक्यात नोंदवावे. प्रत्येक लेखाचा ‘इतिहास’ जपला जातो. त्यामुळे चुकीचा बदल मागे घेता येतो. मतभेद झाल्यास ‘चर्चा’ पानावर लिहावे, भांडण करू नये. नवा लेख त्यानंतर.

हा क्रम आम्ही स्वतः पाळला नाही, आणि त्याचे फळ भोगले. पहिल्याच दिवशी आम्ही आपल्या मंडळाविषयी एक लेख चढविला. ‘अविरत सेवा’, ‘देदीप्यमान परंपरा’ असे शब्द त्यात होते. आधार मात्र एकही नव्हता. तो लेख काढला गेला. आम्हांस राग आला. पण चार दिवसांनी शांतपणे वाचले तेव्हा ध्यानी आले की, दोष सर्वस्वी आमचा होता. ज्ञानकोश म्हणजे गौरवपत्र नव्हे. तेथे आपणच आपल्याविषयी लिहावयाचे नसते. दुसऱ्या कोणी विश्वासार्ह ठिकाणी छापलेले असेल तेवढेच, त्याचा आधार देऊन, आपल्या शब्दांत मांडावयाचे असते. आपल्या आठवणींची जागा ही स्मरणिका आहे, आणि ती जागा काही उणी नाही.

दुसऱ्याचा मजकूर उतरवून टाकणे हा तर अपराधच. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर हक्क राहतो. देउस्कर 1912 साली निवर्तले. त्यांचे ग्रंथ आता सर्वांचे आहेत. छायाचित्रांच्या बाबतीतही हे ध्यानी ठेवावे की, हक्क सामान्यतः छायाचित्र काढणाऱ्याचा असतो, त्यात दिसणाऱ्याचा नव्हे. स्वतः काढलेली छायाचित्रे मात्र खुशाल द्यावीत.

मग आपण लिहावे तरी काय? आम्हांस वाटते, जे पुण्याच्या वा नागपूरच्या मंडळींना सहजी जमणार नाही, ते. मराठीत बंगाल पुष्कळदा इंग्रजीच्या वाटेने येतो, आणि त्या वाटेवर नावांची मोडतोड होते. आपल्या या वसाहतीचेच पाहा. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या नावावरून तिचे नाव बिधाननगर. बंगालीत ‘ब’ आणि ‘व’ यांचे अक्षर एकच. म्हणून मूळ शब्द ‘विधान’, उच्चार ‘बिधान’. मराठीत कोणते लिहावे आणि का, हे दोन्ही कानांनी ऐकणाऱ्यानेच सांगावयास हवे. त्याचप्रमाणे महाराष्ट्रातील संत, गड, खाद्यपदार्थ यांविषयी बंगालीत लिहिणारेही आपणच असू शकतो.

बंधुभगिनींनो, आपण जेथे बसलो आहोत ती भूमी एके काळी खारी दलदल होती. 1962 पासून हुगळीतील गाळ पाण्यासह नळांतून आणून येथे ओतला गेला, आणि त्यावर हे नगर उभे राहिले. एका दिवसात काही झाले नाही. प्रत्येक घराने महिन्याकाठी एक दुरुस्ती, वर्षाकाठी एक लेख एवढाच संकल्प केला, तरी आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू. येत्या रविवारपासून ग्रंथालयात संगणक मोकळा ठेवला आहे. आजी-आजोबांनी नातवंडांसह यावे. एकट्याने येऊ नये, एवढीच विनंती.