दोन देशांतले लेकरू
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपली मुले-मुली शिकून परदेशी जातात, याचा आम्हांला अभिमान आहे. पण तिकडे संसार मोडला आणि आई किंवा वडील मुलाला घेऊन परस्पर मायदेशी आले, तर त्या लेकराचे काय?

अशा मुलाला नेहमीच्या राहत्या देशात लवकर परत पाठवावे व ताब्याचा निवाडा तिथल्या न्यायालयाने करावा, असा करार १९८० साली हेग येथे झाला. भारत त्यात सामील नाही. विधी आयोगाने २००९ साली तशी शिफारस केली होती. पण छळातून सुटून आलेल्या आईला पुन्हा तिथेच जावे लागेल, ही भीतीही खोटी नाही. आपली न्यायालये मुलाचे हित सर्वांत वर मानतात. मात्र निकाल लागेपर्यंत मूल मोठे होऊन जाते.

राहुलाच्या प्रव्रज्येने शुद्धोदन व्याकूळ झाले. त्यांच्या विनंतीवरून तथागतांनी नियम केला, की आईवडिलांच्या संमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये. धम्मकार्यासाठीही जिथे संमती हवी, तिथे रागाच्या भरात मूल उचलून नेणे कसे योग्य ठरेल?

म्हणून आमचे सांगणे एवढेच: छळ असेल तर तिथल्या पोलिसांकडे आणि भारतीय वकिलातीकडे जा, कागदपत्रे जपा. छळ नसेल तर मुलाची दुसऱ्या पालकाशी भेट, निदान फोन, तोडू नका. आजी-आजोबांनीही मुलाच्या मनात विष कालवू नये. भांडण नवरा-बायकोचे आहे. लेकरू दोघांचे आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!