आडगावचा दवाखाना आणि संशोधन

कोकणात ज्यांचे आजोळ आहे, त्यांना विंचवाचे भय समजावून सांगावे लागत नाही. भाताचा पेंढा, जळाऊ लाकडांची मोळी, जांभ्या दगडाचा गडगा आणि अंधारात चाचपडत टाकलेले पाऊल, एवढे त्याला पुरते. लोकांच्या मनात दरारा असतो तो काळ्या, थोराड इंगळीचा. प्राण घेतो तो मात्र तिच्याहून कितीतरी लहान असा तांबडा विंचू. दंश झाला की मांत्रिकाला बोलवावयाचे, ही जुनी रीत. बहुतेक दंश आपोआपच उतरत असल्यामुळे मांत्रिकाचा लौकिक अबाधित राहत असे, आणि जे दगावत त्यांचे आयुष्यच सरले होते असे म्हणून घरचे लोक मन आवरीत.

१९७६ च्या सुमारास महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण वैद्यकीय अधिकारी रुजू झाले. मराठवाड्यातील खेड्यातून आलेल्या, नागपुरास शिकलेल्या या डॉक्टरांना कोकणचा तांबडा विंचू नवा होता. त्याहून नवे होते ते पुस्तकांचे मौन. विंचूदंशाने मनुष्य मरतो हेच पुस्तकांत धडपणे नोंदलेले नव्हते, आणि इकडे धडधाकट मुले, कर्ती माणसे डोळ्यांसमोर जात होती. झोपेची इंजेक्शने, अॅट्रोपीन, स्टेरॉइड असे जे रूढ उपचार होते ते सर्व देऊनही जात होती.

अशा वेळी शासकीय सेवेतील मनुष्यापुढे एक सोपा मार्ग नेहमीच मोकळा असतो. नोंदवहीत मृत्यूचे कारण लिहावे, विहित नमुना भरून वर पाठवावा आणि पुढच्या रुग्णाला आत बोलवावे. यात कोणी दोष काढीत नाही. बावस्करांनी याखेरीज एक निराळी वही ठेवली. दंश झालेला रुग्ण आला की त्याच्या खाटेजवळ रात्र काढावयाची. नाडी किती, रक्तदाब किती, घाम केव्हा सुटला, उलटी केव्हा झाली, हातपाय केव्हा गार पडले, हे वेळेसह टिपावयाचे. साधने म्हणाल तर घड्याळ, स्टेथोस्कोप आणि रक्तदाबाचे यंत्र. अशा नोंदी साचत गेल्या तेव्हा त्यांत एक क्रम दिसू लागला. उलट्या, दरदरून घाम, तोंडातून लाळ आणि हातापायांचा गारठा ही लक्षणे ज्यांना आरंभीच दिसतात, त्यांचे हृदय धोक्यात असते. पुढे फुप्फुसांत पाणी भरून ते गुदमरतात. हे निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकाने छापले.

परंतु मरण ओळखता येणे निराळे आणि टाळता येणे निराळे. संशोधनात उतरणाऱ्या डॉक्टराची खरी कसोटी येथे लागते. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाचा प्रयोग फसला तर काचेची नळी बाजूला ठेवता येते. खेड्यातील डॉक्टरापुढे मात्र आईच्या मांडीवरचे मूल असते, आणि उद्या त्याच गावात तोंड दाखवावयाचे असते. शिवाय टिपण घेण्यात गेलेला क्षण उपचारातून तर चोरलेला नाही ना, हा प्रश्न मनाला डाचत राहतो. या प्रश्नाचे कायमचे उत्तर कोणत्याही डॉक्टराला मिळालेले दिसत नाही.

वरिष्ठांकडून अशा कामाला आधार मिळतोच असेही नाही. सिकंदराबादेस २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहणारे रोनाल्ड रॉस हेही सरकारी डॉक्टरच होते. शोध हाती येतो न येतो तोच त्यांची बदली राजपुतान्यातील खेरवाड्यास झाली, आणि तेथे हिवतापाचे रुग्ण मिळणे दुरापास्त! बदलीच्या हुकुमावर सही करणाऱ्याला डासांशी काय कर्तव्य असणार?

बावस्कर पुण्यास जाऊन एम. डी. झाले आणि पुन्हा त्याच मुलखात परतले. विंचवाच्या विषाने शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर असह्य भार पडतो, हे आता स्पष्ट झाले होते. मग त्या वाहिन्या सैल करणारे औषध का देऊ नये? रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्रॅझोसिनची गोळी त्यांनी देऊन पाहिली. गोळी स्वस्त, तोंडाने घेण्याजोगी आणि म्हणून लहानात लहान दवाखान्यात चालण्याजोगी. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह लिहिलेला तो अनुभव १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये आला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत. ते प्रमाण शेकडा १ वर आले, असे त्यांच्या नोंदी सांगतात.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीस, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हीच वाट निराळ्या रीतीने चोखाळली. तेथे नोंदी ठेवणारे हात डॉक्टरांचे नव्हते, गावातल्याच बायकांचे होते. मण्यांची एक चौकट आणि मिनिटाचे वाळूचे घड्याळ यांच्या साह्याने अक्षरओळख नसलेली दाईही बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखू लागली. पुढे ३९ गावांत नवजात बालकांची घरीच शुश्रूषा करण्याचा प्रयोग झाला. त्या वयातील मृत्यू शेकडा ६२ ने घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गावांशी तुलना केली, तेथील मृत्यूही मोजावेच लागले होते. ते आकडे कागदावर उतरविताना काय वाटले असेल, याची कल्पना कोणत्याही आईबापाला करता येईल.

महाडला मात्र गोष्ट संपलेली नव्हती. विंचवाची प्रतिलस उपलब्ध झाल्यावर बावस्कर दांपत्याने आपल्याच औषधाला परीक्षेस बसविले. ७० रुग्ण घेतले. कोणाला काय द्यावयाचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता यदृच्छेने ठरविले. ३५ जणांना केवळ प्रॅझोसिन, ३५ जणांना प्रॅझोसिन आणि प्रतिलस. दहा तासांनी पाहिले, तर दोन्ही औषधे मिळालेल्यांपैकी ३२ जण पूर्ण बरे झाले होते. केवळ प्रॅझोसिन मिळालेल्यांपैकी ८. हा निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्ये २०११ साली त्या दोघांच्याच नावाने प्रसिद्ध झाला.