आमच्या पेठेचा संघ आणि माझ्या अपेक्षा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला प्रत्येकीने आपल्या आवडीच्या विषयावर दहा मिनिटे बोलायचे असे ठरले, तेव्हा कोणी उन्हाळ्याची वाळवणे घेतली, कोणी मुलांचा अभ्यास घेतला. मी 'फुटबॉल' म्हणून सांगितले, तर चिटणीसबाईंनी वहीत 'फुलझाडे' असे लिहून घेतले! पुन्हा सांगितल्यावर म्हणाल्या, "अहो वहिनी, तुम्ही आणि फुटबॉल?" माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, भाषणाची सवय नाही. तेव्हा माझे बोबडे बोल गोड मानून घ्यावेत अशी विनंती करते.

आपल्या आंबिवलीत आणि मोहन्यात पोरे रस्त्यावर खेळताना दिसली की ती क्रिकेटच खेळत असतात. पण माझे माहेर कोल्हापूरचे. तिथे पेठेतल्या पोराला पाय फुटले की तो आधी दगडाला लाथ मारतो आणि मग चालायला शिकतो, असे आमचे आबा म्हणत. कोल्हापूर म्हटले की तुम्हांला अंबाबाई, गूळ, चपला आणि कुस्ती आठवते. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचे मैदान बांधले, गल्लोगल्ली तालमी उभ्या राहिल्या. पुढे त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ काढले. म्हणून आजही तिथल्या संघांची नावे ऐकली तर कुस्तीचीच वाटतील. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. शिवाय शिवाजी तरुण मंडळ आहे, प्रॅक्टिस क्लब आहे. जी तालीम गणपती बसवते, तिचाच फुटबॉलचा संघ असतो. त्यामुळे संघ हरला की एका माणसाचा नव्हे, साऱ्या गल्लीचा स्वयंपाक अळणी होतो.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ गटात १६ संघ असतात. दिवाळीनंतर खेळाडूंची नोंदणी होते. कोणता खेळाडू कोणत्या पेठेतून कोणत्या पेठेत गेला याच्या बातम्या पेपरात येतात, आणि लग्नाच्या याद्या वाचाव्यात तशी माणसे त्या वाचतात. मग शाहू स्टेडियमवर साखळी सामने सुरू होतात. पुढे पावसाळ्यापर्यंत निरनिराळ्या चषकांच्या स्पर्धा चालतात. साखळीत जे संघ तळाला राहतात, त्यांना पुढच्या वर्षी खालच्या गटात जावे लागते.

आमच्या पेठेचा संघ हा त्या तळाजवळच्या संघांपैकी एक. त्याचे नाव मी मुद्दामच सांगत नाही. कारण या सभेत कोल्हापूरच्या दुसऱ्या पेठांच्या दोघी माहेरवाशिणी बसल्या आहेत, आणि मला पुढचे हळदीकुंकू सुखाने पार पाडायचे आहे.

मोठ्या संघाच्या पाठीराख्याचे बरे असते. त्याला 'यंदा कप येणार की नाही' एवढीच काळजी. लहान संघाच्या पाठीराख्याचे दुखणे निराळे. गेल्या वर्षी हंगाम सुरू होताना मी धाकट्या भावाला फोनवर विचारले, "काय रे, यंदा काय बेत?" तो तालमीचा जुना कार्यकर्ता. म्हणाला, "अक्का, कप राहू दे बाजूला. खाली गेलो न्हाई म्हंजे मिळवली." भगिनींनो, पाहा, महिन्याचा पगार कमी असणाऱ्या घरात असेच बोलणे चालते. दागिना नको, पण उधारी होऊ नये!

आमचा शेवटचा साखळी सामना बरोबरीत सुटला असता तरी संघ वरच राहिला असता. आता सामने मोबाईलवर दिसतात. मी ओट्यावर मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. आमच्या ह्यांना चहा दिला तो बिनसाखरेचा, हे त्यांनीच नंतर सांगितले. शेवटी शून्य-शून्य झाले. कोणी गोल केला नाही, कप मिळाला नाही, मिरवणूक निघाली नाही. पण भावाचा फोन आला तेव्हा त्याला बोलता येईना. आम्ही वर राहिलो होतो.

त्या रात्री मला झोप लागेना. मनात आले की, दरवर्षी आपण 'खाली जाऊ नये' एवढीच आशा धरायची का? आणि वर राहायचे ते कशासाठी? त्यातून ज्या अपेक्षा मनात आल्या, त्या आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिली अपेक्षा अशी की, आमच्या संघात आमच्या गल्लीतली पोरे असावीत. गेल्या काही वर्षांत कोल्हापूरच्या संघांतून परदेशी, विशेषतः आफ्रिकेतले खेळाडू खेळू लागले आहेत. ते चांगले खेळतात. घरदार सोडून इतक्या लांब येऊन पोटासाठी घाम गाळतात, त्यांना मी नावे ठेवणार नाही. आपणही पोटासाठीच घाट उतरून इकडे आलो. त्यांच्याकडून आमच्या पोरांना शिकायलाही मिळते. पण त्यांचा खर्च मोठ्या संघाला झेपतो, तो लहान संघाला झेपतोच असे नाही. शेजारणीने पैठणी घेतली म्हणून आपण कर्ज काढून घेतली, तर पैठणी ट्रंकेत राहते आणि हप्ते दारात येतात. एका हंगामापुरता खेळाडू आणून एक सामना जिंकता येईल, पण हंगाम संपल्यावर गल्लीत काय उरले? तेच पैसे बारा-चौदा वर्षांच्या पोरांच्या बुटांना आणि शिकवणाऱ्या माणसाला दिले, तर पाच वर्षांनी त्यांतली दोन-तीन तरी संघात दिसतील.

कोणी म्हणेल, पेठेतली पोरे कुठवर जाणार? तर ऐका. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. तो विश्वचषक आपल्याच देशात होता आणि आपले सामने दिल्लीत होते. कोल्हापूरचाच निखिल कदम कलकत्त्याच्या मोहन बागानसारख्या जुन्या, नामांकित संघाकडून खेळला. म्हणजे मातीत कस आहे. पण पुढे जायला वाट लागते. अनिकेतला ती पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत मिळाली. पेठेच्या संघाने साखळी जिंकली, तरी तो संघ आपोआप देशाच्या साखळीत जात नाही. आमच्या संघाला वर जायला जिना नाही, पण आमच्या पोराला आहे. म्हणून संघाने निदान त्या जिन्याच्या पहिल्या पायरीचे काम करावे, एवढेच माझे मागणे आहे.

दुसरी अपेक्षा हिशेबाची आहे. आपण मंडळाची भिशी चालवतो, सहल काढतो, तेव्हा रुपया-रुपयाचा हिशेब फलकावर लावतो. तालमीनेही तसेच करावे. वर्गणी किती आली, देणगी कोणाची, खेळाडूंवर काय खर्च झाला, हे गणपतीत फळ्यावर लिहावे. एकाच धनिकावर सारा डोलारा ठेवू नये. त्याचे मन फिरले की डोलारा बसतो. हे लहान संघांचेच असते असेही नाही. देशातली सर्वांत मोठी साखळी, जी २०१४ मध्ये गाजावाजाने सुरू झाली, ती २०२५ मध्ये कराराच्या वादात अडकून वेळेवर सुरूच झाली नाही. तिथे कोट्यवधींचा व्यवहार, तरी दारे बंद! शंभर घरांच्या थोड्या-थोड्या वर्गणीवर चालणारा संघ गरीब असेल, पण एका सहीने बंद पडणारा नसतो.

माझ्या मुलाने मला विलायतेतली एक गोष्ट सांगितली. लंडनमध्ये विम्बल्डन नावाचा फुटबॉलचा संघ होता. २००२ मध्ये तो संघ दूर दुसऱ्या गावी नेण्याला परवानगी मिळाली. पाठीराखे रडत बसले नाहीत. त्यांनी त्याच वर्षी आपला नवा संघ काढला. खेळाडू निवडायला उघड्या माळरानावर पोरांना बोलावले. हा संघ नवव्या पायरीवर खेळू लागला. तिथून चढत चढत २०११ मध्ये तो चौथ्या पायरीवर, म्हणजे मोठ्या साखळीत, पोहोचला, आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या भागात बांधलेल्या स्वतःच्या मैदानावर परत आला. तो संघ उभा केला वर्गणीदार पाठीराख्यांनी. ही गोष्ट ऐकल्यापासून मी भावाला दर महिन्याला ठराविक रक्कम पाठवते. ती भाजीच्या पैशांतून वाचवलेली असते. रक्कम लहान आहे, पण ती दिल्यामुळे मला विचारायचा हक्क येतो.

तिसरी अपेक्षा पाठीराख्यांकडून आहे, आणि ती सांगताना मला वाईट वाटते. आमच्या कोल्हापुरात ईर्ष्या फार. ईर्ष्येशिवाय खेळाला चव नाही हेही खरे. पण पेठापेठांतल्या मारामाऱ्यांनी सामने थांबले आहेत, पोलिसांना मध्ये पडावे लागले आहे. मैदानात दगड आला की पहिल्यांदा मैदान सोडतात त्या आया-बहिणी आणि लहान पोरे. नंतर केस होते ती विशीतल्या मुलावर, आणि नोकरीच्या वेळी ती आडवी येते. चौकशीला पोलीस ठाण्याच्या बाकावर बसायला लागते ते आईला! संघाचे नाव घेऊन जो दगड उचलतो तो संघाचा पाठीराखा नव्हे, संघाचा वैरी. गुलाल उधळा, हलगी वाजवा, घसा बसेपर्यंत ओरडा. पण समोरच्या पेठेतही आपलीच एखादी बहीण दिलेली आहे, हे विसरू नका.

चौथी अपेक्षा सर्वांत मोठी आहे, आणि तिच्यासाठीच मी आज उभी राहिले. माझी भाची तेरा वर्षांची आहे. शाळेत ती फुटबॉल खेळते. डाव्या पायाने असा चेंडू मारते की तिच्या वर्गातले मुलगे बाजूला होतात. दिवाळीत माहेरी गेले तेव्हा तिने मला विचारले, "आत्या, आपल्या तालमीत पोरींची टीम का न्हाई?" मला उत्तर देता आले नाही. संघाचे कपडे आमच्या घरी धुतले जातात, सामन्याच्या दिवशी पोरांना डबे आमच्या घरातून जातात, वर्गणी आम्ही देतो. पण मुलगी मैदानात उतरायची म्हटली की सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

आणि हे काही अशक्य नाही. एफसी कोल्हापूर सिटी या नावाचा मुलींचा संघ २०१९ मध्ये देशाच्या महिला साखळीत खेळला आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. त्याचा अंतिम सामना इथे जवळ, आपल्या ठाणे जिल्ह्यात, नवी मुंबईत झाला. स्पेनच्या मुलींनी कोलंबियाला एका गोलने हरवले. आपल्या मुली तिन्ही सामने हरल्या. १६ गोल झाले आणि आपल्याला एकही करता आला नाही. पुष्कळांनी नाके मुरडली. मी म्हणते, ज्या मुलींना गल्लीत कोणी चेंडू देत नाही, त्यांच्याकडून एकदम विश्वचषकात गोलाची अपेक्षा कशी धरायची? पेरल्यावाचून उगवत नाही. आणि जिथे थोडे पेरले तिथे उगवलेही. २०२५ च्या जुलैत आपल्या मोठ्या महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असे हरवले आणि आशिया चषकाची पात्रता मिळवली.

मी हे सारे भावाला सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अक्का, तालमीत बोलून बघतो. पण जुनी माणसं ऐकतील काय?" मी म्हटले, "माझी वर्गणी वहीत कोणाच्या नावावर आहे? माझ्याच ना? मग माझा प्रश्नही त्याच वहीत लिही." पुढच्या बैठकीत तो विषय निघणार आहे. काय होईल ते अंबाबाईला ठाऊक. नकार आला तर गणपतीत मी स्वतः जाऊन विचारणार आहे.

भगिनींनो, लहान संघावर जीव लावणे म्हणजे वेडेपणा, असे कोणी म्हणतात. पण आपण बायका जन्मभर लहान गोष्टींवरच जीव लावतो. लहान घर, लहान पगार, लहान मंडळ. लहान म्हणून आपण अपेक्षा सोडून देत नाही. उलट ती धरतो, आणि तिच्यासाठी राबतोही. माझ्या संघाने यंदा कप आणावा असे मी म्हणत नाही. आणला तर पेढे मी वाटीन! पण पाच वर्षांनी संघाच्या यादीत गल्लीतली पोरे दिसावीत, फळ्यावर हिशेब दिसावा, मैदानात आया-बहिणी निर्धास्त बसलेल्या दिसाव्यात, आणि त्याच तालमीचे नाव पाठीवर घालून माझी भाची पळताना दिसावी. मग संघ वरच्या गटात असो की खालच्या, मी त्याला खाली गेला म्हणणार नाही.

जाता जाता आपल्या मंडळाला एक सूचना करते. संक्रांतीला आपण वाण लुटतो. यंदाच्या वाणाच्या पैशांतून दोन फुटबॉल घ्यावेत आणि आपल्या भागातल्या मुलींना द्यावेत. खेळायचे कसे ते मी सांगेन, पळायचे त्यांनी. ज्यांना ही सूचना मान्य असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नावे द्यावीत.