पहिल्या औषधफेरीचे दिवस

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



वार्षिक संमेलनात विद्यार्थ्यांचा गुणगौरव व्हावा, उपवर मुलामुलींची माहिती वाचली जावी, ही आपली जुनी चाल आहे. अशा मंगल प्रसंगी कर्करोगाचा विषय काढावा काय, असे कार्यवाहांनी आम्हांस विचारले. आम्ही म्हणालो, जेथे सारी ज्ञाती एकत्र बसते तेथेच हा विषय निघावयाचा नाही, तर तो निघणार कोठे? आम्ही वैद्य नव्हे. सारा जन्म मुलांस पाढे शिकविण्यात गेला. परंतु आमच्या सौभाग्यवतींस या रोगाने गाठले, तेव्हा आमच्या हातून एक चूक घडली. त्यांच्याच संमतीने ती आज आपणापुढे मांडीत आहो.

सन २०२२ च्या आषाढात त्यांच्या स्तनात गाठ आढळली. शस्त्रक्रियेपूर्वी किमोथेरपीच्या, म्हणजे शिरेवाटे औषध देण्याच्या, फेऱ्या घ्याव्या असे मुंबईस ठरले. दोन फेऱ्यांमध्ये एकवीस दिवसांचे अंतर. हे औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. रोगाच्या पेशी तशा असतात. पण केसांची मुळे, तोंडातील अस्तर आणि रक्त तयार करणारा अस्थींतील मगज हेही तसेच असतात. म्हणून शत्रूबरोबर घरच्यांनाही थोडा मार बसतो. एवढे ध्यानी धरले म्हणजे पुढील त्रासाचे भय निम्मे होते.

प्रथम प्रवासाविषयी. आम्ही सांगलीहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघून पहाटे दादरला उतरत असू. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णास रेल्वेच्या शयनयान वर्गात भाडे पडत नाही आणि सोबत्यास शेकडा ७५ सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. तो आधीच मागून घ्यावा. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हापासून दूरदूरचे रुग्ण तेथे येतात. त्यांपैकी अनेकांस दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा मिळतो. तेथे कोणी कोणाची जात विचारीत नाही, आणि कोणी कोणापासून रोगही लपवीत नाही. ही दुसरी गोष्ट तेव्हा आमच्या ध्यानी आली असती तर बरे झाले असते.

औषध दिले त्याच रात्री परतीची गाडी धरू नये. मळमळ पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते. आम्ही एक दिवस राहून निघालो. खालची शय्या, पाण्याच्या दोन बाटल्या, झाकणाचा डबा, कागदी पिशव्या, जुना मऊ पंचा, तोंडावर मुखपट्टी आणि सारे कागद एका पिशवीत, एवढी सिद्धता पुरे होते. औषधांपैकी एक तांबडे होते. त्यामुळे एक-दोन दिवस लघवीस लाली येते. ते रक्त नव्हे. हे आधी सांगितलेले होते म्हणून आम्ही घाबरलो नाही.

मळमळीची गोळी मळमळ सुरू होण्यापूर्वीच, सांगितल्या वेळी घ्यावी. त्या गोळीने पोट जड होते, हेही डॉक्टरांच्या कानी घालावे. आमच्या घरी फोडणीचा वास सौभाग्यवतींस सोसेना. तेव्हा स्वयंपाक शेजघरापासून दूर, पडवीत करू लागलो. मऊ भात, मुगाचे वरण, शिजवून निवविलेली लापशी, सोललेले केळे, असे थोडेथोडे दिवसातून सहा वेळा दिले. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या केल्याने तोंडाची आग कमी झाली. तिसऱ्या आठवड्यात केस गळू लागले. ते उपचार संपल्यावर पुन्हा येतात, आणि आलेही.

आता आमची चूक सांगतो. त्या दिवसांत धाकट्या कन्येच्या विवाहाची बोलणी चालू होती. आईचा रोग कळला तर स्थळ बिचकेल, या धास्तीने आम्ही सर्वांस सांगितले की, पित्ताचा विकार आहे. औषधानंतर साधारण सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातील पांढऱ्या पेशी फार उतरतात. त्या काळात ताप १००.४ अंशांवर गेला तर तत्काळ रुग्णालय गाठावे, हे आम्हांस कागदावर लिहून दिले होते. दहाव्या रात्री अकराच्या सुमारास ताप १०१ झाला. शेजाऱ्यांच्या दारात मोटार उभी होती. पण त्यांस उठविले तर सारे उघड होईल, म्हणून आम्ही कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवीत उजाडण्याची वाट पाहिली. पहाटे त्यांस हुडहुडी भरली आणि बोलणे असंबद्ध होऊ लागले, तेव्हा शेजाऱ्यांचे दार ठोठावले. ते अंगात सदरा घालता घालताच धावत आले.

डॉक्टरांनी शिरेवाटे प्रतिजैविक सुरू केले आणि मग आम्हांस एवढेच म्हणाले, “गुरुजी, हा ताप सकाळची वाट पाहत नाही.” सौभाग्यवती सहा दिवसांनी घरी आल्या. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, “मला रोगाची लाज नव्हती वाटली, तुम्हांला वाटली होती.” आम्हांस उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही.

ते स्थळ पुढे जुळले नाही. पण कारण पत्रिकेचे होते. रोगाचा विषय कोणी काढलाही नाही. हा रोग स्पर्शाने लागत नाही. स्तनाच्या कर्करोगात वंशपरंपरेने येणारे रुग्ण शेकडा पाच ते दहा इतकेच असतात. एवढ्यासाठी आम्ही एका मनुष्याचे प्राण पणास लावले होते.

म्हणून मंडळास आमची विनंती अशी. दादर-परळ भागात राहणाऱ्या ज्या ज्ञातिबांधवांस रुग्णाची एक रात्र सोय करता येईल, आणि गावोगावी ज्यांचे वाहन रात्री-अपरात्री मिळू शकेल, त्यांनी कार्यवाहांकडे नावे द्यावी. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी निदान एका शेजाऱ्यास तो सांगून ठेवावा. तापमापक उशाशी असावा. आणि ताप चढला तर घड्याळ पाहू नये, शेजाऱ्यांचे दार वाजवावे.

सौभाग्यवती समोर तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. भाषण फार लांबवू नका, अशी त्यांची सूचना होती. ती पाळून आम्ही आपली रजा घेतो.