यंत्र पाण्यात का धरतात?

डाळिंबाची छाटणी सुरू झाली की आपल्या सांगोल्याकडच्या कितीतरी जणींचा अंगठा आणि मनगट धरतं. दिवसभर कात्री दाबायची, घरी आल्यावर धुणीभांडी, धारा. दुखणं हटेना म्हणून डॉक्टर फिजिओथेरपीला पाठवतात. तिथं कधी हात पाण्याच्या टबात ठेवायला सांगतात आणि यंत्राचं डोकं पाण्यातच, हाताला न टेकवता फिरवतात. "अंगाला लागलंच नाही, मग पैसे कशाचे?" म्हणून काही जणी दुसऱ्या दिवशी जातच नाहीत. आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत.

या उपचाराला अल्ट्रासाउंड म्हणतात. सोनोग्राफीसारखाच, कानाला ऐकू न येणारा आवाज यातही असतो. सोनोग्राफीनं आतलं दिसतं, या यंत्रानं आत ऊब मिळते. पण हा आवाज हवेतून पुढं सरकत नाही. पाठ, मांडी अशा सपाट जागी जेल लावलं की यंत्र नीट टेकतं. घोटा, बोटांची पेरं, मनगट इथं मात्र चढउतार. यंत्राची एक कड टेकते, बाकी फट राहते. फटीत हवा असते, आवाज तिथूनच माघारी फिरतो. पाणी ती फट भरून काढतं.

म्हणून डोकं कातडीपासून साधारण 1 सेंटीमीटरवर धरतात. उकळून गार केलेलं पाणी चांगलं, त्यात बुडबुडे कमी होतात. कातडीवर बुडबुडे बसले तर पुसून घ्यायचे. अंगठी, बांगड्या काढून ठेवा. काही ठिकाणी टबाऐवजी पाण्यानं भरलेली पिशवी किंवा जेलची जाड गादी ठेवतात. तीही पद्धत बरोबरच आहे. मात्र घरी यंत्र आणून पाण्यात बुडवू नका, विजेशी गाठ आहे.

आता महत्त्वाचं. यंत्र सतत फिरतं राहिलं पाहिजे. हाडावर एकाच जागी थांबलं तर हाड तापतं आणि आतून कळ येते. सोसायची आपल्याला सवय आहे, पण इथं सोसू नका; लगेच "थांबा" म्हणा. साखरेच्या आजारानं हातपाय बधिर असतील तर चटका कळत नाही, म्हणून ते आधीच सांगा. दिवस गेले असतील, कर्करोगाची गाठ असेल, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असेल, छातीत पेसमेकर असेल, तर तेही न लाजता सांगा.

आणि एक. नुसत्या यंत्रावर विसंबून चालत नाही. शिकवलेला व्यायाम रोज करा, कात्रीला धार ठेवा, मधून मधून हाताला विसावा द्या. गटाच्या पुढच्या बैठकीत हे एकमेकींना सांगा. छाटणी दरवर्षी येणार आहे, हात मात्र हेच दोन आहेत.